पाववाल्याची गाडी

३ ऑक्टोबर, मंगळवार

आणली. दारात उभी आहे. खिडकीतून नजर गेली की वाटतं — हे काय करून बसलो मी!

पाववाल्याची जुनी गाडी. मागे पावांच्या जाळ्या ठेवायचा, ती सगळी जागा रिकामी. काचांना आतून पांढरा रंग फासलाय. दार उघडलं की अजून पावाचा वास येतो. हिला सांगितलं तर म्हणाली, "बरंय की. पडल्यापडल्या भूक तरी लागेल मला." आठ महिन्यांत पहिल्यांदा काही गमतीचं बोलली. मला हसू आलं नाही. ब्रेक लागतात का नीट, हाच विचार डोक्यात.

शेजारचे बसवाले बघून गेले. तीस वर्षं बस चालवली, आता घरी असतात, पण बोलताना डावा हात अजून गिअर टाकल्यासारखा हलतो. टायरला लाथ मारली आणि म्हणाले, "मास्तर, इंजिन चांगलं आहे. बाकी सगळं देवावर."

देवावर कशाला! मला कुणीतरी नक्की सांगायला हवं.

मास्तर म्हणे. सहावीत शाळा सुटली, पण टेलर म्हणून जन्मभर मास्तर. ही वहीसुद्धा मापांचीच. छाती, कंबर, बाही, उंची — छापलेले रकाने. शेवटचं गिऱ्हाईक येऊन चार वर्षं झाली, मागची पानं कोरीच राहिली. रकाने ओलांडून लिहितोय.

४ ऑक्टोबर, बुधवार

झोप नाही. डॉक्टरांचं बोलणं पुन्हा पुन्हा आठवतं. "मणक्याचं ऑपरेशन वीस नोव्हेंबरला. केलं तर पाय वाचतील, कदाचित. नाही केलं तर जातील, नक्की." मी विचारलं, "आणि करतानाच काही झालं तर?" त्यांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, काढलं. "या वयात मी शब्द देणार नाही."

मग ही खाटेवरूनच म्हणाली, "त्याआधी मला पोरीकडे जायचंय." असं म्हणाली जसं काही कोपऱ्यावर जायचंय! दोन दिवसांचा रस्ता आहे. डॉक्टर म्हणाले, बसून नाही. पंधरा मिनिटांच्या वर हिने बसायचंच नाही. सपाट झोपून, थांबत थांबत, धक्के न लागता जमत असेल तर जा.

बसवाले म्हणाले, ॲम्ब्युलन्स करा. ही नको म्हणाली. "त्या गाडीतून उतरले तर पोर दारातच कोसळेल. आई आली असं वाटू दे तिला. आईला आणलं असं नको."

म्हणून ही गाडी. आत पलंग, पाण्याचा डबा, छोटी शेगडी, झाकणाची बादली. रस्त्यात कुठेही थांबावं, कुणाचे उपकार नकोत.

पण खरं कारण मी कुणालाच सांगितलेलं नाही. गाडीत झोपायची सोय असली की कुणाला 'राहू का' असं विचारावं लागत नाही. पोरीच्या घरासमोर रस्त्यावर लावू. हिला आत घेईल, आईच आहे. मला नाही घेतलं तर मी गाडीत पडेन. माझ्यासाठी पलंगाशेजारी अठरा इंच जागा उरते. पुरे झाली.

८ ऑक्टोबर, रविवार

दहाला पिशवी घेऊन बाहेर पडलो. दर रविवारी पडतो. दहा ते अकरा ही पोरीशी फोनवर बोलते. मला ते माहीत आहे. मला माहीत आहे हे हिला माहीत आहे. अकरा वर्षांत दोघांनी तोंडातून अक्षर काढलेलं नाही. बाजारात मला काही घ्यायचं नसतं, म्हणून काडेपेटी घेतो. मोजल्या आज — घरात अठ्ठावीस काडेपेट्या आहेत.

आज मात्र उंबऱ्यात थांबून म्हटलं, "गाडीचं तिला सांगू नकोस."

"का?"

"येऊ नका म्हणाली तर?"

हिने फोन उशाशी ओढला.

"शपथ घे."

"घेतली. जा आता, दहा वाजून गेले."

१० ऑक्टोबर, मंगळवार

काचांचा रंग खरवडला. नखांत पांढरं गेलंय, निघत नाही. आता आत काय चाललंय ते अख्ख्या गल्लीला दिसतं. एक बाई विचारून गेली, "मास्तर, दुकान गाडीत टाकताय का?" हो म्हटलं. कोण समजावत बसणार.

पलंगाची जागा मापली. गळ्यातली टेप काढली — चाळीस वर्षं गळ्यातच आहे, नसली की मान उघडी पडल्यासारखी वाटते. लांबी बहात्तर, रुंदी अठ्ठावीस. तीनदा मोजलं. तीनदा लिहिलं. घरी आल्यावर वाटलं, त्र्याहत्तर होतं की काय? परत गेलो. बहात्तरच. वखारीत चिठ्ठी दिली. वखारवाला म्हणाला, "मास्तर, फळीला शिलाईची मार्जिन सोडू का?" हसले सगळे. हसोत.

चौकट मीच ठोकली. दोन्ही टोकांना आडवी पट्टी, तिच्यावर फळी टेकणार.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

बोटावर हातोडी. आज लिहिणं नाही.

१४ ऑक्टोबर, शनिवार

फळी आली. बसवली. बसवाले म्हणाले, "आधी तुम्ही झोपून बघा. घरच्या बाईंवर प्रयोग नको." बरोबर होतं ते. आडवा झालो. पाय ताणले. छताकडे बघत म्हटलं, झालं बुवा एकदाचं —

धाडकन खाली! पायाकडची बाजू पट्टीवरून सुटली. मी पाय खाली, डोकं वर, मधे बादली. बसवाले आधी हसले. मी उठत नाही म्हटल्यावर घाबरले. "मास्तर! अहो मास्तर!" कंबरेला लागलंय, पण मी त्यामुळे उठत नव्हतो असं नाही. ही असती तिथे तर? हिचा मणका असा आपटला असता तर? अजून तेच डोळ्यांसमोर आहे. अक्षर बघा.

फळी आखूड. चांगली दीड इंच आखूड. तसाच वखारीत गेलो, भांडलो. चार माणसांसमोर त्याला चोर म्हटलं. त्याने लोखंडी टेप काढली, माझ्या चिठ्ठीवर बोट ठेवलं. बहात्तर लिहिलं होतं. फळी बहात्तर होती.

"तुमची टेप द्या जरा," म्हणाला. दोन्ही टेपा बाकावर शेजारी शेजारी ठेवल्या.

पुढचं उद्या.

१५ ऑक्टोबर, रविवार

काडेपेटी आणायला गेलो नाही. मागच्या अंगणात बसलो. हिचा फोन चालू होता, आवाज येत होता, शब्द नाही.

माझी टेप लांबलीय. कापडाची आहे. ओढून ओढून, घामाने, इस्त्रीच्या वाफेने ताणली गेलीय. चार फुटांना एक इंच. सहा फुटांना दीड.

कपडे बिघडले नाहीत ते एवढ्याचसाठी, की अंगाचं मापही तिनेच घ्यायचो आणि कापडही तिनेच कापायचो. चूक दोन्हीकडे सारखी. माणसं खूश, मी खूश. पण एकदा — बावीस वर्षं झाली — दूध डेअरीच्या कामगारांचे दोनशे गणवेश आले होते. मापं कागदावर लिहून आली, माणसं नाही. शिवून पाठवले आणि सगळेच्या सगळे परत. 'मोठे झालेत.' मी काय म्हटलं? डेअरीची माणसं वाळली असतील, मी काय करू! ते काम गेलं. पुढच्या वर्षी डेअरीने तयार कपड्यांच्या कारखान्यातून गणवेश घेतले. त्यांचं बघून बाकीच्यांनी घेतले. दुकान तिथून उतरत गेलं.

तेव्हा पोर बारा वर्षांची होती. परत आलेल्या गठ्ठ्यांवर बसून शाळेची पट्टी माझ्या टेपला लावत होती. म्हणाली, "बाबा, तुमची टेप लांबलीय. पट्टीशी जुळत नाही."

मी तिच्या थोबाडीत मारली. "सहावीत शाळा सुटली म्हणून मला इंच शिकवतेस?"

त्यानंतर तिने टेपबद्दल कधी तोंड उघडलं नाही. माझ्या हाताखाली शिवण शिकली, माझ्यापेक्षा साफ हात. आणि तेवीस वर्षांची झाल्यावर येऊन सांगितलं की लग्न ठरवलंय. मुलगा कोण? तयार कपड्यांच्या कारखान्यातला. त्याच! कापडं कापायला होता तिथे. माझं दुकान खाल्लं त्यांनीच, आणि जावईही त्यांच्यातलाच?

तरी मी तिच्या लग्नाच्या पोशाखाचं कापड आणलं होतं. माप घेतलं, खडूने आखलं, कापलंही. मग काय झालं मला, कोण जाणे. कात्री टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "कापलं, पण शिवणार नाही. जा. तयार मिळतं तिथून घे."

तिने तयारच घेतलं. टेलरच्या पोरीचं लग्न दुकानातल्या तयार कपड्यांत. मी गेलो नाही. कापलेले तुकडे ट्रंकेत आहेत, अजून खडूच्या खुणांसकट.

कारखान्याने दुकान खाल्लं नव्हतं. टेपने खाल्लं. अकरा वर्षं मी चुकीच्या माणसाला शिव्या दिल्या.

१६ ऑक्टोबर, सोमवार

हिला सांगितलं टेपचं. म्हणाली, "मला माहीत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"पोरीने सांगितल्यावर काय झालं ते बघितलं होतं मी."

टेप फेकायला निघालो. "ठेवा ती," म्हणाली, जरा ओरडूनच. खिळ्याला टांगलीय.

१९ ऑक्टोबर, गुरुवार

नवी फळी. वखारवाल्याने स्वतः येऊन, लोखंडी टेपने मोजून बसवली. माफी मागायची होती. त्याच्या हातात चहाचा कप दिला, तेवढंच जमलं. मीही लोखंडी टेप घेतली. आकडे बारीक. धरायची कशी तेही कळत नाही, बोट सोडलं की सापासारखी सळकन आत पळते.

दुपारी हिला चादरीत घालून गाडीत ठेवलं. बसवाले चालवायला, मी शेजारी उकिडवा. गल्ली ओलांडली. पहिला खड्डा. हिने ओठ चावला. दुसरा. डोळे मिटले. कोपऱ्यावरच्या उंचवट्यावर बसवाल्यांनी गाडी इतकी हळू घेतली की मागचा सायकलवाला शिवी देऊन गेला. तरी हिच्या तोंडून बारीक आवाज निघाला. कुत्र्याच्या पिल्लासारखा.

"वळवा," म्हटलं.

घरी आल्यावर ही म्हणाली, "छान केलाय पलंग." डोळ्यांच्या कडेने पाणी कानात जात होतं.

एक गल्ली सोसली नाही. दोन दिवस कसे सोसणार!

२० ऑक्टोबर, शुक्रवार

गाडीकडे गेलो नाही.

२१ ऑक्टोबर, शनिवार

आजही नाही. दाराशी उभी आहे, मेलेल्या जनावरासारखी. बसवाले दोनदा डोकावले. "मास्तर, मी तयार आहे बरं का. झोपायची माझी काळजी नको, मी स्टिअरिंगवर बसल्या बसल्या झोपतो. तीस वर्षं झोपलोय, एकाही प्रवाशाला कळलं नाही." मी दार लोटून घेतलं. चांगल्या माणसाच्या तोंडावर. मला हे छान जमतं — दार लावणं.

२२ ऑक्टोबर, रविवार

काडेपेटी. एकोणतीस.

परत येताना दुकानाच्या बंद खोलीत उगाच शिरलो. कोपऱ्यात जाड कॅनव्हासचा तागा पडलाय, एका तंबूवाल्याने नेलाच नव्हता. त्याला हात लावला आणि उभाच राहिलो.

लाकूड माझं काम कधी नव्हतंच! मी कशाला फळीच्या मागे लागलो? माझं काम कापड.

चौकट आहेच. तिच्यावर फळी नाही, कॅनव्हासचे चार बोटं रुंद पट्टे. उभे आडवे विणायचे, दुहेरी शिलाई, कड्यांनी ताणून बांधायचे. घट्ट पण जिवंत. धक्का आला तर पट्टा पिणार, मणक्यापर्यंत जाऊ देणार नाही.

मशीनला तेल घातलं. चार वर्षांनी. आधी कुरकुरली, मग ओळखलं तिने.

२४ ऑक्टोबर, मंगळवार

सदतीस पट्टे. तीन सुया मोडल्या. ही खाटेवरून म्हणाली, "किती दिवसांनी ऐकला हा आवाज." एवढंच म्हणाली. मी पायडल थांबवलं नाही, थांबवलं असतं तर रडलो असतो.

२६ ऑक्टोबर, गुरुवार

पट्टे ताणून झाले. वर गादी. मी झोपलो, बसवाले झोपले, दोघं बसलो. पडलं नाही. तरी मला भरवसा नाही. कड्या निसटल्या तर? शिलाई उसवली तर? सकाळपासून चारदा ओढून बघितलं.

आज हिचं काहीतरीच. म्हणाली, "गाडीच्या खिडक्या मापा. मला आकडे सांगा."

"कशाला?"

"सांगा तर."

लोखंडी टेप घेऊन निघालो, तर म्हणे, "ती नको. तुमची ती जुनी घ्या. लोखंडीवर तुम्हाला दिसत नाही, काल सहाचे नऊ केलेत."

"अगं, जुनी चुकीची आहे!"

"असू दे. तिनेच घ्या."

घेतली. चार खिडक्या. वहीच्या मागच्या पानावर लिहून, पान फाडून दिलं. कागद उशीखाली ठेवला. मग डोळे मिटून म्हणाली, "आणि गाडीची रुंदी? ती मात्र लोखंडीने."

"रुंदी कशाला?"

"आरशांसकट."

"आरशांसकट?"

"कान म्हातारे झाले का तुमचे? दोन्हीकडचे आरसे धरून. बसवाल्यांना वाचायला सांगा आकडा."

२७ ऑक्टोबर, शुक्रवार

डॉक्टरांकडे जाऊन आलो, एकटाच. विचारलं, दुखण्याच्या गोळ्यांनी डोकं भ्रमतं का? म्हणाले, होऊ शकतं, असंबद्ध बोलतात का त्या? मी काय सांगू — गाडीची रुंदी विचारली, आरशांसकट? चुकीच्या टेपने मापं घ्यायला लावली?

"लक्ष ठेवा," म्हणाले.

लक्षच ठेवतोय. पाय चालले, आता डोकंही चाललं. पोरीकडे पोचेपर्यंत ही पोरीला ओळखेल ना?

२९ ऑक्टोबर, रविवार

काडेपेटी. तीस. आल्यावर बघितलं तर उशीखालचा कागद बाहेर, आणि ही गालातल्या गालात हसत होती. एकटीच. भीती वाटली मला.

३१ ऑक्टोबर, मंगळवार

पुन्हा गाडीत ठेवलं. चौक ओलांडला, पुलावर गेलो, पुलापलीकडच्या वळणापर्यंत. पाऊण तास. खड्डे होते. पट्टे करकरत होते, माझे दात करकरत होते. मागे वळून विचारलं, "दुखतंय?" वाकून बघितलं, डोळे मिटलेले —

झोपली होती.

बसवाल्यांनी आरशात बघितलं आणि बोटाने गप्प राहायची खूण केली. येताना एकदाही हॉर्न वाजवला नाही. तीस वर्षं ज्याने हॉर्न वाजवूनच पोट भरलं, तो माणूस!

गाडी तयार आहे. पाण्याचा डबा बसला, शेगडी बसली, बादलीला पट्टा लावला. अठरा इंचात माझी सतरंजी.

मला आनंद व्हायला हवा होता. घरी येऊन ओकलो.

२ नोव्हेंबर, गुरुवार

हिच्या डाव्या पायाशी गरम पाण्याची पिशवी ठेवली होती. फार गरम होती, माझी चूक. कातडी लालबुंद झाली, फोड आला. आणि हिला कळलंच नाही. मी पिशवी उचलली तेव्हा म्हणाली, "ठेवा ना अजून, कुठे ठेवलीत?"

वीस तारखेला अठरा दिवस.

बसवाले विचारतात, कधी निघायचं? मी म्हटलं, मागच्या दाराची बिजागरी आवाज करते. काल म्हटलं, टायरची हवा. परवा म्हटलं, आभाळ ठीक दिसत नाही.

बिजागरी आवाज करत नाही. मलाच माहीत आहे.

गाडी होत होती तोवर कारण होतं. आता गाडी झाली. आता मधे फक्त तिचं दार आहे. तिथे उभा राहून मी काय म्हणू? तू बारा वर्षांची असताना बरोबर होतीस? एवढं म्हणायला मी दोन दिवस गाडी हाकत जाऊ, आणि तिने पडद्याआडून बघून दिवा मालवला तर? ही पलंगावर पडून ते बघणार. हिच्या डोळ्यांसमोर. त्यापेक्षा आशेवर असलेली बरी.

४ नोव्हेंबर, शनिवार

सांगून टाकलं हिला. नाही जायचं. रस्ता सोसणार नाही तुला.

"मी झोपले होते गाडीत. शांत."

"पाऊण तास. दोन दिवस नाही."

"पट्टे चांगले आहेत."

"शिलाई जुन्या मशीनची आहे."

मग म्हणाली, "तिच्या घराला लोखंडी फाटक आहे. ते बंद असलं तर परत येऊ, मी एक शब्द बोलणार नाही. पण तुम्ही ते इथूनच बंद करताय."

भिंतीकडे तोंड केलं. तेवढं करायलाही तिला माझी मदत लागते. मान वळवली, खांदा वळेना. मी वळवून दिला. मीच.

५ नोव्हेंबर, रविवार

दहाला बाहेर पडलो. काडेपेटी घेतली नाही. पुलावर उभा राहिलो अकरापर्यंत.

६ नोव्हेंबर, सोमवार

पाववाल्याला निरोप पाठवला, गाडी परत घेतोस का? उद्या-परवा येऊन बघतो म्हणाला.

ही जेवली नाही. खरं तर रागावतही नाही, तेच जास्त लागतं. आज ट्रंक उघडायला सांगितली. पोशाखाचे तुकडे छातीवर ठेवून पडलीय. खडूच्या खुणा अजून स्पष्ट आहेत. मी चांगला खडू वापरायचो.

त्या खुणाही लांबलेल्या टेपच्याच. शिवलं असतं तर अंगात बरोबर बसलं असतं. अंगही त्याच टेपने मापलं होतं ना! चूक दोन्हीकडे सारखी असली की बसतं सगळं. चूक एकट्याचीच असली की मग — पुढे लिहिता येत नाही.

७ नोव्हेंबर, मंगळवार

गाडीतली सतरंजी काढून आणली.

८ नोव्हेंबर, बुधवार

दुपारी पार्सल आलं. पत्ता माझ्या नावाने, अक्षर ओळखलं. सही करताना पोस्टमनचं पेन खाली पाडलं, दोनदा.

निळे पडदे. चार. कडेची शिलाई इतकी सरळ, की माझी कधीच नव्हती. गाडीत नेऊन लावून बघितले. एकही आखूड नाही, एकही सैल नाही. चारही बरोबर.

आत येऊन हिच्याकडे बघितलं. ही छताकडे बघत म्हणाली, "मोडली शपथ. पहिल्याच रविवारी."

पाववाला संध्याकाळी आला होता. त्याला चहा दिला आणि परत पाठवला. बसवाल्यांना सांगितलंय, उद्या सकाळी सहा.

पडद्याच्या घडीत चिठ्ठी होती. चिकटवून ठेवतो इथे.

'आईने आकडे सांगितले. तुमच्याच टेपचे होते, म्हणून दर चार फुटांना इंच वाढवला. गाडी रस्त्यावर लावायची नाही. फाटक मोजलंय. आरशांसकट आत येते, बाबा.'